अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायाधीशांची दिवाणी निर्णयपद्धती

अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेत ज्या पातळीवर दावा प्रथम दाखल होतो, पुरावा नोंदवला जातो आणि पहिला निकाल लागतो, त्या पातळीवरील न्यायाधीशांना जिल्हा न्यायाधीश म्हणतात. १७८९ च्या न्यायपालिका अधिनियमाने ही न्यायालये अस्तित्वात आणली. आज असे ९४ न्यायिक जिल्हे असून त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय आहे. न्यायाधीशपदासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात व सिनेट त्याला संमती देते. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सद्वर्तन असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजीवन, ते पदावर राहू शकतात आणि त्या काळात त्यांचे वेतन कमी करता येत नाही. पदनामामुळे मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे केंद्राचे आणि राज्याचे कायदे न्यायालयांच्या एकाच उतरंडीत चालतात आणि जिल्हा न्यायाधीश उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली काम करतात. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघाची वेगळी आहेत. घटस्फोट, वारसा, घरमालक-भाडेकरूंचे तंटे अशी रोजच्या जगण्यातील बहुसंख्य प्रकरणे राज्यांच्या न्यायालयांतच संपतात.

संघीय न्यायालयापुढे उरतात ती प्रकरणे संख्येने कमी, पण प्रकाराने कमालीची विविध असतात. नवे दावे सर्वसाधारणपणे संगणकीय सोडतीने न्यायाधीशांना वाटले जातात. त्यामुळे एकाच न्यायाधीशांच्या मेजावर औषधाच्या पेटंटचा वाद, तुरुंगातील कैद्याची वैद्यकीय हेळसांडीची तक्रार, अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेलेल्या कामगाराचे गाऱ्हाणे आणि दोन विमा कंपन्यांचा करारभंगाचा दावा एकाच आठवड्यात येऊ शकतो. कोणत्याही एका विषयाचे ते तज्ज्ञ नसतात आणि तशी अपेक्षाही नसते. प्रत्येक प्रकारच्या दाव्यात न्यायाधीशांनी वस्तुस्थितीच्या किती खोलात शिरायचे, कोणाच्या म्हणण्याला किती वजन द्यायचे आणि कोणता प्रश्न स्वतः न सोडवता दुसऱ्यावर सोपवायचा, हे कायद्याने निरनिराळे ठरवून दिले आहे. निर्णय देण्याचे कौशल्य म्हणजे बव्हंशी यांतले योग्य माप ओळखण्याचे कौशल्य होय.

अधिकारक्षेत्र

कोणत्याही दाव्यात पहिला प्रश्न असतो तो हा दावा ऐकण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा. संघीय न्यायालयांना मर्यादित अधिकार आहेत. दावा संघीय कायद्यावर किंवा राज्यघटनेवर आधारलेला असावा लागतो, संघ सरकार त्यात पक्षकार असावे लागते, किंवा वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असून मागणी ७५,००० डॉलरहून अधिक असावी लागते. या शेवटच्या प्रकारात एकही वादी आणि एकही प्रतिवादी एकाच राज्याचा असून चालत नाही, हा दंडक १८०६ पासून चालत आला आहे. दोन्ही पक्षांची संमती असली तरी नसलेला अधिकार निर्माण होत नाही, आणि कोणी आक्षेप घेतला नाही तरी न्यायाधीशांनी आपणहून तपासणी करणे भाग असते. खटला पूर्ण चालून निकाल लागल्यानंतर अधिकारच नव्हता असे उघडकीस आले, तर सगळा खटाटोप पाण्यात जातो. म्हणूनच अनुभवी न्यायाधीश वादपत्राची पहिली पाने सर्वांत बारकाईने वाचतात.

वेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधील दाव्यात कायदा कोणाचा लावायचा, याचे उत्तर १९३८ च्या ‘ईरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स’ या निर्णयाने दिले. १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ह्यूजटाउन येथे हॅरी टॉम्पकिन्स रात्री रुळांच्या कडेने पायी जात असता, जाणाऱ्या मालगाडीतून बाहेर आलेल्या दारासारख्या वस्तूचा तडाखा बसून त्याचा उजवा हात गेला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा अशा पादचाऱ्याला आगंतुक, म्हणजे परवानगीविना शिरलेला, समजत असे आणि त्यामुळे त्याला भरपाई मिळणे अवघड होते. म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा केला, कारण संघीय न्यायाधीश तोवर १८४२ च्या एका निर्णयाच्या आधारे स्वतःचा असा सामान्य कायदा लावत असत. ज्युरीने त्याला ३०,००० डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून असा सामान्य संघीय कायदा अस्तित्वातच नाही, राज्याचाच कायदा लागू होईल, असे ठरवले. तेव्हापासून अशा दाव्यांत संघीय न्यायाधीशांना एक काहीशी विचित्र भूमिका वठवावी लागते: राज्याचा कायदा स्पष्ट नसेल, तर स्वतःला काय योग्य वाटते याऐवजी त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय काय म्हणेल याचा अंदाज त्यांना बांधावा लागतो. अनेक राज्यांत तो प्रश्न थेट त्या न्यायालयाकडे विचारणेसाठी पाठवण्याचीही सोय आहे.

कागदावरचे निर्णय

ज्याला लोक न्यायदान समजतात, म्हणजे साक्षीदार, उलटतपासणी आणि ज्युरी, ते संघीय दिवाणी कामकाजात अपवादानेच घडते. १९६२ मध्ये निकाली निघालेल्या दिवाणी प्रकरणांपैकी ११.५ टक्के प्रकरणे सुनावणीपर्यंत पोचत. २००२ मध्ये हे प्रमाण १.८ टक्क्यांवर आले आणि त्यानंतर ते एका टक्क्याच्याही खाली गेले. बाकीचे दावे तडजोडीने मिटतात, मागे घेतले जातात किंवा लेखी अर्जांवर निकाली निघतात. न्यायाधीशांचे खरे काम म्हणूनच अर्जांवरील आदेशांत पाहावे लागते.

यांतला पहिला अर्ज वादपत्र फेटाळून लावण्याचा. १९३८ मध्ये लागू झालेल्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांपैकी बाराव्या नियमाखाली प्रतिवादी म्हणतो की, वादीने सांगितलेले सर्व खरे धरले तरी त्यातून कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ७, नियम ११ ची येथे आठवण होईल. न्यायाधीश या टप्प्यावर पुरावा पाहत नाहीत, वादपत्रातील वस्तुस्थिती खरी मानूनच चालतात. फरक पडला तो खरी मानण्याजोगी वस्तुस्थिती कोणती, या मुद्द्यावर. १९५७ पासून वादीला फार उदार सवलत होती. २००७ च्या ‘ट्वॉम्ब्ली’ आणि २००९ च्या ‘इक्बाल’ या निर्णयांनी नुसते निष्कर्ष मांडणे पुरेसे नाही, हक्काची कथा संभाव्य वाटेल इतका तपशील वादपत्रातच हवा, अशी अट घातली. बंद दाराआड घडलेल्या गोष्टींचा तपशील वादीने कागदपत्रे हाती येण्यापूर्वी कोठून आणायचा, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि ती निराधार नाही. वकिलाशिवाय स्वतः दावा चालवणाऱ्यांची वादपत्रे मात्र उदारपणे वाचावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा दंडक आहे. कैद्यांच्या हस्तलिखित तक्रारींतून कायद्याचा धागा शोधून काढणे हे या न्यायाधीशांच्या कामातील एक अवघड आणि बहुधा दुर्लक्षित अंग आहे.

दावा टिकला, तर पुरावा-प्रकटनाचा टप्पा येतो. पक्षकार एकमेकांकडून दस्तऐवज आणि ईमेल मागवतात, साक्षीदारांचे जबाब वकिलांच्या कचेरीत शपथेवर नोंदवतात. या काळातील कुरबुरी बहुतांशी जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला असलेल्या मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांकडे सोपवल्या जातात. हे पद १९६८ च्या कायद्याने निर्माण झाले असून आपल्याकडील दंडाधिकाऱ्याशी त्याचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. मागितलेली माहिती दाव्याच्या महत्त्वाशी आणि खर्चाशी प्रमाणबद्ध असावी, या तत्त्वावर २०१५ च्या दुरुस्तीने विशेष भर दिला.

त्यानंतर येतो तो सर्वांत निर्णायक अर्ज, खटल्याविना निकाल देण्याचा. महत्त्वाच्या कोणत्याही वस्तुस्थितीबद्दल खराखुरा वाद उरलेला नसेल, तर छप्पन्नाव्या नियमाखाली न्यायाधीश कायद्याच्या आधारे तेथेच निकाल देतात. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निर्णयांनी हा मार्ग प्रशस्त केला. कोणता साक्षीदार खरे बोलतो हे न्यायाधीशांनी येथे ठरवायचे नसते. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्या बाजूने पुराव्याचा अर्थ लावायचा, आणि तरीही समंजस ज्युरी त्याला कौल देऊ शकणार नाही काय एवढेच पाहायचे. २००७ च्या ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या पोलिस पाठलागाच्या प्रकरणात मात्र, पक्षकाराची हकिकत चित्रफितीशी उघड विसंगत असेल तेव्हा चित्रफीत दाखवते तेच धरावे, असे ठरले.

दाव्यागणिक बदलणारे माप

सामाजिक सुरक्षा खात्याने अपंगत्वाचा लाभ नाकारल्यास न्यायाधीश नवा पुरावा घेत नाहीत. खात्याच्या अभिलेखात निर्णयाला आधार देणारा भरीव पुरावा आहे काय, एवढेच ते तपासतात. स्वतः त्यांनी वेगळा निर्णय दिला असता, हे पुरेसे नसते. मात्र खात्याच्या अधिकाऱ्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत का डावलले याची कारणेच दिली नसतील, तर प्रकरण फेरविचारासाठी परत जाते. याउलट, एखाद्या सरकारी संस्थेने कायद्याचा लावलेला अर्थ बरोबर आहे काय, या प्रश्नावर २०२४ पासून न्यायाधीशांनी संस्थेच्या मतापुढे मान तुकवायची नसते. १९८४ पासून चालत आलेला ‘शेव्हरॉन’ निर्णयाचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी मोडीत काढला.

पोलिसांविरुद्धच्या नागरी हक्कांच्या दाव्यांचा पाया १८७१ चा कायदा आहे. येथे हक्काचा भंग झाला काय या प्रश्नाला जोडून, तो हक्क त्या वेळी स्पष्टपणे प्रस्थापित होता काय, हा दुसरा प्रश्न येतो. तसा नसेल तर अधिकाऱ्याला संरक्षण मिळते. नोकरीतील भेदभावाच्या दाव्यात थेट पुरावा क्वचितच असतो, म्हणून १९७३ पासून पुराव्याची जबाबदारी पायरीपायरीने फिरते: प्रथम कर्मचाऱ्याने सकृद्दर्शनी संशय उभा करायचा, मग मालकाने वैध कारण सांगायचे, आणि शेवटी ते कारण केवळ बहाणा आहे हे कर्मचाऱ्याने दाखवायचे. पेटंटमधील शब्दांचा अर्थ १९९६ पासून ज्युरीऐवजी न्यायाधीशच लावतात. तज्ज्ञ साक्षीदाराचे शास्त्र विश्वासार्ह पद्धतीवर उभे आहे काय, हे ज्युरीपुढे जाण्याआधी तपासण्याची जबाबदारीही १९९३ च्या ‘डॉबर्ट’ निर्णयाने त्यांच्यावर टाकली आहे.

मनाई हुकमाचा अर्ज सर्वांत घाईचा. दावा जिंकण्याची शक्यता, भरून न येणारे नुकसान, दोन्ही बाजूंच्या अडचणींचा तोल आणि लोकहित हे चार निकष अपुऱ्या पुराव्यावर, कधी काही तासांत, लावावे लागतात. एका जिल्हा न्यायाधीशाने साऱ्या देशासाठी सरकारी धोरण रोखावे काय, या दीर्घकालीन वादात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये, दावा करणाऱ्यांना पूर्ण दिलासा देण्यापलीकडे जाणारे हुकूम बहुधा अधिकाराबाहेरचे आहेत, अशी भूमिका घेतली.

दावा आपल्याकडे चालू शकत असूनही तो न ऐकण्याचा निर्णयही न्यायाधीश घेऊ शकतात, आणि भारतीय वाचकाला त्याचे सर्वांत परिचित उदाहरण भोपाळचे आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर अमेरिकेत दाखल झालेले सुमारे १४५ दावे न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र करण्यात आले; भारत सरकारनेही एप्रिल १९८५ मध्ये तेथेच दावा लावला. त्यानंतर जे घडले ते आजही अवघडून टाकते. अशा दाव्यासाठी आपली न्यायालये अपुरी आहेत, असे भारत सरकार परक्या न्यायालयात सांगत होते, आणि ती समर्थ आहेत असे शपथपत्र युनियन कार्बाइडच्या बाजूने मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी दिले होते. साक्षीदार, कागदपत्रे आणि जनहित हे सारे भारतात असल्याचे सांगून कीनन यांनी १२ मे १९८६ रोजी दावे काढून टाकले, पण कंपनीने भारतीय न्यायालयांचे अधिकारक्षेत्र मान्य करावे, दाव्याची मुदत संपल्याचा मुद्दा सोडावा, तिथला हुकूमनामा पाळावा आणि अमेरिकी नियमांनुसार दस्तऐवज उघड करावेत, अशा अटी घातल्या. जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम ठेवला, मात्र हुकूमनामा पाळण्याची आणि एकतर्फी पुरावा-प्रकटनाची अट काढून टाकली. फेब्रुवारी १९८९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

सुनावणी, निकालपत्र आणि अपील

दावा सुनावणीपर्यंत पोचलाच, तर नुकसानभरपाईच्या दाव्यांत सातव्या घटनादुरुस्तीने ज्युरीचा हक्क राखला आहे. तेथे नमूद केलेली वीस डॉलरची मर्यादा १७९१ पासून बदललेली नाही. सहा ते बारा ज्युरी सदस्य वस्तुस्थिती ठरवतात आणि पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर त्यांचे एकमत लागते. न्यायाधीश पुराव्याची ग्राह्यता ठरवतात आणि ज्युरीला कायदा समजावून देतात. ज्युरी नसेल तर दोन्ही कामे न्यायाधीशांची होतात, आणि वस्तुस्थितीचे निष्कर्ष व कायद्याचे निष्कर्ष वेगवेगळे नोंदवावे लागतात. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळांत उत्क्रांतिवादाला पर्याय म्हणून ‘बुद्धिमान रचना’ (सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली, हे मत) पुढे करण्याविरुद्ध पालकांनी केलेल्या दाव्यात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी डिसेंबर २००५ मध्ये दिलेले १३९ पानी निकालपत्र हा या प्रकारचा प्रसिद्ध नमुना आहे.

सगळेच आदेश असे विस्तृत नसतात. काही दोन ओळींचे असतात, काही न्यायासनावरूनच तोंडी दिले जातात. मोठ्या निकालपत्रांचा मसुदा पुष्कळदा न्यायाधीशांचे विधी-सहायक तयार करतात. हे बहुधा नुकतेच विधी महाविद्यालयातून बाहेर पडलेले तरुण असतात. १९९० च्या एका कायद्याने सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित अर्जांची यादी न्यायाधीशांच्या नावानिशी वर्षातून दोनदा जाहीर होते. विलंबासाठी दुसरी कोणतीही शिक्षा नाही. तरी मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस आदेशांची रास पडते, ती या यादीच्या लाजेपोटी. ज्या कंपनीचा एक जरी शेअर स्वतःकडे, पती-पत्नीकडे किंवा अज्ञान अपत्याकडे असेल, तिचा दावा न्यायाधीशांना ऐकता येत नाही. हा नियम अनेकांनी मोडल्याचे वृत्तपत्रीय शोधातून २०२१ मध्ये उघड झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या गुंतवणुकीची विवरणे सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवण्याचा कायदा झाला.

अपील सामान्यतः ३० दिवसांत, संघ सरकार पक्षकार असल्यास ६० दिवसांत करावे लागते, आणि मनाई हुकमासारखे अपवाद वगळता ते अंतिम निकालानंतरच करता येते. कायद्याचा प्रश्न अपील न्यायालय मुळापासून पुन्हा तपासते. न्यायाधीशांनी ठरवलेली वस्तुस्थिती मात्र उघड चूक असल्याशिवाय आणि त्यांनी स्वेच्छाधिकाराने दिलेला आदेश त्या अधिकाराचा गैरवापर झाल्याशिवाय बदलला जात नाही. पेटंटची अपिले वॉशिंग्टन येथील एकाच विशेष अपील न्यायालयात जातात. निकाल रद्द झाल्यास दावा खाली परत येतो, आणि तो बहुधा त्याच न्यायाधीशांपुढे चालतो.