अभिप्राय, तक्रार की गाऱ्हाणं? कोकणातल्या मानसिक आरोग्यसेवेबद्दल लोकांना विचारण्याची पार्श्वभूमी

कोकणातल्या एखाद्या तालुक्यात मानसिक आरोग्यसेवेबद्दल लोकांचं म्हणणं गोळा करायला बसलं की ‘सेवा कुठली’ इथेच पहिली अडचण येते. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत ते सगळ्यांत लहान, ३६५ खाटांचं. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, पण मनोरुग्णालय काही वाटून घेता आलं नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडची बरीच माणसं जवळ म्हणून गोव्यात बांबोळीला जातात, वैभववाडीकडची घाट चढून कोल्हापूर गाठतात, रायगडच्या उत्तरेकडच्यांचा ओढा पनवेल-ठाण्याकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ‘आमच्या सेवेबद्दल काय वाटतं’ असं विचारलं तर ही सगळी मंडळी हिशेबातच येत नाहीत. म्हणून जाणते लोक पहिला प्रश्न ‘औषध कुठून आणता, आणि जायला-यायला किती एसट्या बदलता’ असाच ठेवतात.

जुन्या काळी विचारणं नव्हतं, पाहणी होती. १९१२ च्या कायद्यात प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळाला (तेव्हाचा शब्द तोच) किमान तीन अभ्यागत नेमायची तरतूद होती. त्यातल्या दोघांनी, एक डॉक्टर धरून, महिन्यातून एकदा सगळी इमारत फिरायची, दाखल माणसांना भेटायचं आणि वहीत शेरा लिहायचा. १९८७ चा कायदा आला, लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्याने अभ्यागत पाच केले, त्यांत दोन समाजसेवक घातले. शेरा मात्र अभ्यागताचाच राहिला. दाखल माणूस काय म्हणाला ते अभ्यागताला नोंदवावंसं वाटलं तर वहीत उतरायचं, नाहीतर नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा त्याचा जिल्हा कार्यक्रम यांमुळे सेवा भिंतीबाहेर आली, ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ येऊ लागले, पण वही आतच राहिली.

गावातल्या माणसाला आरोग्यसेवेबद्दल पद्धतशीर विचारायला सुरुवात झाली ती २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने आपल्या आरोग्य केंद्राचं हिरवा-पिवळा-लाल प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. भर लसीकरण, बाळंतपण, नर्सबाईंच्या भेटी आणि औषधसाठा यांवर. मानसिक आजार त्या साच्यात बसेना. ‘बाळंतपणात पैसे मागितले’ हे बाई माइकवर सांगते. ‘मुलाच्या डोक्याच्या गोळ्या तीन आठवडे नव्हत्या’ हे त्याच माइकवर सांगताना तिला आठवतं की त्याचं अजून लग्न व्हायचंय आणि पुढच्याच रांगेत सोयरिकीचं गाव बसलंय. पुढे २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत मोबाइलवर संदेश पाठवून अभिप्राय मागवण्याची राष्ट्रीय पद्धत आली. तिचं कोकणात वेगळंच होतं. केसपेपरवर नंबर असतो मुंबईच्या भावाचा. तो वर्षातून दोनदा गावी येतो, ओपीडीची पायरी त्याने पाहिलेली नसते, आणि बटण दाबतो तो.

आता या सगळ्यातला खरा गुंता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याने अभ्यागत काढून पुनरावलोकन मंडळं आणली, एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी एक. मंडळात आजारातून गेलेली व्यक्ती, काळजी घेणारे किंवा त्यांच्या वतीने काम करणारे यांच्यातले दोघं बसतात. आस्थापनेत, म्हणजे मानसिक उपचार देणाऱ्या संस्थेत, मंडळाचा पत्ता आणि फोन दिसेल असा लावायचा, अर्जाचे नमुने द्यायचे, फोन फुकट करू द्यायचा, हेही कायद्यातच. कलम २८ ने सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रारीचा हक्क दिला. आधी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान झालं नाही तर मंडळाकडे, तिथेही नाही तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. कागदावर यात खोट काढण्यासारखं फार नाही.

पण ही वाट ‘तक्रारी’ची आहे. ‘अभिप्राया’ला कायद्यात जागाच नाही. वाडीवरच्या बैठकीत कोणी म्हणालं, ‘गोळ्या पंधरा दिवसांच्याच देतात, पुढल्या पंधरा दिवसांसाठी परत दिवसाची मजुरी मोडायची’, तर हे लिहायचं कुठल्या रकान्यात? अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं तर त्याची टक्केवारी होते आणि कोणावरच उत्तराचं बंधन राहत नाही. तक्रारीच्या रकान्यात लिहायचं तर नाव लागतं, सही लागते, आणि तक्रार करायचा हक्क कायद्याने त्या व्यक्तीला किंवा तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला दिलेला. असा प्रतिनिधी साध्या कागदावर सही-अंगठ्याने नेमता येतो. नेमला नसेल तर ठरलेल्या क्रमाने नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती. हे वाडीवर सांगेपर्यंत निम्मी बैठक उठलेली असते.

लोकांना हवं असतं ते या दोन्हींच्या मधलं, आणि त्याला इथे जुना शब्द आहे: गाऱ्हाणं. प्रमाण मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच. तळकोकणात गाऱ्हाणं देवळात घालतात. एकजण वाडीच्या वतीने देवासमोर उभा राहून बोलतो, बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ज्याचं दुखणं त्याने स्वतः बोलायची गरज नाही, नाव घ्यायलाच हवं असं नाही, आणि ऐकणाऱ्याने पुढे काहीतरी करून दाखवायचं असतं. सरकारी अभिप्रायात नेमकी ही तिसरी गोष्ट नसते, तक्रारीत पहिल्या दोन नसतात.

हा शब्द छापील नमुन्यात वापरावा की नाही यावर दोन तट आहेत. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: ज्या देवळात गाऱ्हाणं, त्याच देवळात कौल. ‘बाहेरचं’ आहे असं कौलाने सांगितलं की पेशंट महिनोन्‌महिने भगताकडे फिरतो आणि मारहाण-धुरी होते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांसाठी आला. मग सरकारी सेवेने त्याच भाषेची पायरी का चढावी? मुद्दा हलका नाही. पण ‘तक्रार’ छापलेला कागद बहुतेक कोराच परत येतो, आणि ‘अभिप्राय’ छापलेल्यावर ‘बरं आहे’ एवढंच येतं, हेही तितकंच खरं. भगताकडे जाणारा माणूस शब्द बदलल्याने ओपीडीत येत नाही आणि शब्द वापरल्याने भगताकडे वळतही नाही. त्यामुळे बैठकीत तोंडी ‘गाऱ्हाणी सांगा’ म्हणावं आणि कागदावर कुठलंच नाव न छापता तीन खुणा ठेवाव्यात: ‘नाव चालेल’, ‘नाव नको, उत्तर हवं’, ‘नुसतं सांगायचं होतं’. पहिली खूण तक्रारीच्या वाटेने जाते. दुसरी ग्राम आरोग्य समितीच्या नावाने वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, उत्तराची तारीख लिहून. तिसरी फक्त मोजायची.

दुसऱ्या खुणेत एक अडचण आहे. समितीचं लिहिणं-वाचणं बहुधा आशाताईंकडे. त्यांचा मोबदला ज्या आरोग्य केंद्रातून निघतो त्याच केंद्राबद्दलचं गाऱ्हाणं त्यांनी पुढे न्यायचं. मग कागद हळूहळू गुळगुळीत होतो, ‘तीन आठवडे गोळ्या नाहीत’चं ‘औषधपुरवठा सुधारावा’ होतं. नोंद करणारी व्यक्ती शेजारच्या केंद्राच्या हद्दीतली नेमली तर हे बरंच टळतं.

बैठक सुरू करण्याआधी गोपनीयतेची मर्यादाही सांगून टाकावी लागते. एखाद्याला साखळीने बांधून ठेवलं आहे (२०१७ च्या कायद्याने ते कुठल्याही स्वरूपात मना आहे), मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आहे, जीव द्यायचं बोलणं आहे, तर ते पुढे कळवावंच लागेल. हे आधी न सांगता नंतर कळवलं तर त्या वाडीवर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

कोणाला विचारायचं यावरही मोठा वाद होऊ शकतो, इथे थोडक्यात. पेशंट आणि घरचे यांना एकत्र बसवलं की घरचे बोलतात. त्यांचं गाऱ्हाणं असतं ‘गोळी घेत नाही’, त्याचं असतं ‘गोळीने हात थरथरतात, झोप जात नाही, होडीवर तोल राहत नाही’. दोन्ही खरी, पण एका कागदावर आली की दुसरं पुसलं जातं. वेगळं बसवावं, कागदही वेगळा. बायकांची बैठक निराळी. बागेत आणि बोटींवर कामाला असलेले नेपाळी कामगार तर कुठल्याच यादीत नसतात, कारण यादी शिधापत्रिकेवरून किंवा आशाताईंच्या घर-नोंदीवरून काढलेली असते.

वेळ गावाच्या पंचांगावरून ठरते. भातलावणीत आणि आंब्याच्या दिवसांत बैठक लावणं म्हणजे रिकाम्या चटया मोजणं. बंदरावर जून-जुलैची मासेमारीबंदी बरी, खलाशी घरी असतात. गणपतीत चाकरमानी येतात, उपचाराचा खर्च आणि निर्णय बहुधा त्यांचाच, म्हणून तेव्हा विचारायचा मोह होतो. पण घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आजारी माणूस माजघरात ढकललेला असतो. चाकरमान्यांना वेगळं, दुपारच्या वेळी गाठावं आणि बाकीची विचारणा सण उलगडल्यावर करावी. एका बैठकीला आठ ते दहा माणसं पुरे. पंधरा झाली की गप्पा पाणी आणि रस्त्यावर जातात.

प्रश्न मोजता येतील असे हवेत. ‘समाधानी आहात का’ याला कोकणी माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतो, आणि पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सगळे तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतात. त्याऐवजी: मागच्या वेळी गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या, त्यातली कुठली बाहेरून विकत घेतली, कितीला, डॉक्टर ठरल्या दिवशी आले का, तपासताना दार बंद होतं का, लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर रक्ताची तपासणी शेवटची कधी आणि कुठे झाली. शेवटचा प्रश्न अनेकजण गाळतात आणि तीच मोठी चूक. उन्हाळ्यात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी वाढते, आणि तपासणीची सोय आरोग्य केंद्रात सहसा नसते.

ओपीडीच्या दारात उभं राहून भरलेले कागद कितीही झाले तरी ते पोहोचलेल्यांचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं होतं. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे इथे लक्षात ठेवायला हवं. आकडा कोकणाला जसाच्या तसा लावता येत नाही, दिशा तेवढी कळते.

अहवाल लिहिताना नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं समजतात. इथे आडनावावरून वाडी आणि वाडीवरून भावकी कळते. ‘वय ४०, बाई, अमुक वाडी’ एवढ्यावर गाव बोट दाखवतो. वाड्यांची नावंही पुष्कळदा जातीवरून पडलेली; ती बदलण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण बोलण्यात जुनीच. त्यामुळे पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना छापायचा नाही, वाडीऐवजी आरोग्य केंद्राचा गट धरायचा, आणि म्हणणं शब्दशः द्यायचं असेल तर त्या माणसाला आधी वाचून दाखवायचं.

अलीकडच्या काही वर्षांत विचारायला निमित्तं वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाजवळून गेलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी समुपदेशनाची पथकं पहिल्या आठवड्यांत आली. लोकांची झोप उडते ती पुढच्या पावसाळ्यात, पहिल्या रात्रीच्या मुसळधारेला, तेव्हा मात्र कोणी विचारत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा मोफत दूरध्वनी सुरू झाला. डोंगरातल्या वाडीवर रेंज मिळते ती देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात, आणि तिथे उभं राहून मनातलं बोलायचं.

आशाताईंच्या घरोघरच्या तपासणी-तक्त्यात आता मनःस्थितीचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ३ च्या वर गेली तर पुढे पाठवायचं. काही ठिकाणी याच तक्त्याला ‘लोकांचा अभिप्राय’ म्हणून अहवालात जोडतात. तो अभिप्राय नव्हे, ती चाळणी आहे. त्यात सेवा माणसाला तपासते. माणसाने सेवेला तपासायचा कागद वेगळा लागतो, आणि त्याचं उत्तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांतल्या पुढच्या ग्रामसभेत वाचायचं असतं, फक्त बेरजा आणि काय केलं ते: गोळ्या आता ३० दिवसांच्या मिळतात, किंवा मिळत नाहीत आणि का मिळत नाहीत.