पट्टा आधी आला, मान नंतर आठवली

बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शर्यत म्हटले की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी बैलगाडाच येतो. शर्यतीच्या गाड्यावरचा गाडीवान स्वतःला कशालाही बांधून घेत नाही; गाडा कलंडू लागला की वेळेवर उडी टाकायची, एवढीच त्याची सुरक्षा असते. मोटारींच्या शर्यतींनीही पहिली पन्नास-साठ वर्षे नेमक्या याच समजुतीवर काढली. ती समजूत कशी मोडली आणि तिच्या जागी आसन, पट्टे आणि मानेचा आधार यांची आजची रचना कशी उभी राहिली, हे सांगणे आता आवश्यक झाले आहे. कारण कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई ट्रॅकवर गाडी चालवण्याच्या तयारीने आपल्या भागातील तरुण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉपमधून आसन बसवण्याचे ब्रॅकेट कापून घेऊ लागले आहेत. आपल्याकडच्या कारागिरांचा हात उत्तम आहे. मात्र कोणता भाग कशासाठी जन्माला आला, हे ठाऊक नसेल, तर उत्तम हाताने केलेले कामही घातक ठरू शकते.

फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली, तेव्हा शिरस्त्राणाचीही सक्ती नव्हती. ती १९५२ मध्ये आली. पट्ट्याचा तर विचारच नव्हता. चालकाच्या अवतीभवती पेट्रोलच्या साध्या पत्र्याच्या टाक्या असत, धडक झाली की आग ठरलेली असे, आणि म्हणून गाडीबरोबर जळण्यापेक्षा गाडीतून बाहेर फेकले जाणे बरे, असे चालक मनापासून मानत. या मताला आज भाबडेपणा म्हणणे सोपे आहे, परंतु त्या काळच्या गाड्या पाहता ती भीती खोटी नव्हती.

पट्ट्याचा खरा अभ्यास मोटारींनी नव्हे, विमानांनी केला. अमेरिकी लष्कराचे वैमानिक बेंजामिन फुलॉय यांनी विमानातून फेकले जाऊ नये म्हणून १९१० मध्येच आसनाला चामडी पट्टा लावून घेतला होता. पुढे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी मानवी शरीर किती धक्का सोसू शकते, हे स्वतःवरच तपासले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीवर ते ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि अवघ्या १.४ सेकंदांत थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक भार त्यांच्या शरीराने झेलला आणि ते जगले. माणूस धक्क्याने मरतोच असे नाही, तो नीट बांधलेला नसल्यामुळे मरतो, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिले. स्वीडनचे निल्स बोलिन हेही विमानाच्या उत्क्षेपी, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या, आसनांवर काम करून मगच व्होल्व्होत आले होते. १९५९ मध्ये त्यांनी तयार केलेला तीन बिंदूंचा, म्हणजे गाडीला तीन ठिकाणी अडकणारा, पट्टा आज आपल्या प्रत्येक मोटारीत आहे.

शर्यतीच्या जगात हे शहाणपण पोहोचायला आणखी दशक लागले. १९६६ च्या बेल्जियन ग्रांप्रीत, स्पा येथे, पहिल्याच फेरीत पावसाने जॅकी स्टुअर्ट यांची गाडी ट्रॅकबाहेर फेकली गेली आणि ते सुमारे पंचवीस मिनिटे तिच्या चेपलेल्या सांगाड्यात अडकून पडले. अंगावर पेट्रोल सांडत होते. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या शर्यतीतल्याच दोन चालकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टीअरिंगचे चक्र सोडवून त्यांना बाहेर काढले. अंगावर पट्टा नव्हता आणि तरीही ते अडकलेच होते, हे येथे लक्षात घ्यावे. पट्टा नसला की सुटका होते, या युक्तिवादाचा आधारच त्या अपघाताने काढून घेतला. त्यानंतर स्टुअर्ट यांनी पट्टे, कठडे आणि वैद्यकीय व्यवस्था यांसाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले.

तरीही अर्धवट बांधून घेण्याची सवय गेली नाही, आणि तिची सर्वांत मोठी किंमत योखेन रिंट यांनी मोजली. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावाच्या वेळी त्यांची लोटस कठड्यावर आदळली. त्यांनी खांद्याचे आणि कमरेचे पट्टे लावले होते, पण मांड्यांमधून जाणारे पट्टे त्यांना नको असत, कारण आग लागली तर बाहेर पडायला उशीर होईल, अशी त्यांची धास्ती होती. धडकेत शरीर पट्ट्यांखालून पुढे घसरले आणि त्याच पट्ट्यांनी गळ्याला जीवघेणी इजा केली. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्यांना मरणोत्तर मिळाले. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा बिंदूंचा हार्नेस, म्हणजे खांदे, कंबर आणि मांड्या धरणारा पट्ट्यांचा संच, सक्तीचा झाला. त्याच सुमारास पत्र्याच्या टाक्यांच्या जागी सहजी न फुटणाऱ्या रबरी टाक्या आल्या, आणि बांधून घेण्याविरुद्धची जुनी भीती हळूहळू विरली.

रिंट यांच्या अपघाताचा आपल्याशी थेट संबंध आहे. आपल्या गॅरेजांमध्ये सर्वाधिक दिसतो, तो चार बिंदूंचाच पट्टा. खांद्याचे दोन पट्टे ताणले की ते कमरेचा पट्टा वर, ओटीपोटावर ओढतात. खाली धरून ठेवणारे काही नसते, आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून सरकतो. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे, मऊ पोटावर नव्हे, आणि तो तेथे राहावा म्हणूनच मांड्यांमधले पट्टे आहेत. ज्याला आपण जास्तीचा पट्टा समजून डिक्कीत टाकतो, त्याच्यामागे एका अजिंक्यवीराचा मृत्यू आहे.

आसनाचा इतिहास त्यामानाने शांत आहे. स्टुटगार्टचा रॉयटर हा मोटारींचे सांगाडे बांधणारा कारखाना. सांगाड्यांचे काम पोर्शेकडे गेल्यावर त्याने १९६३ मध्ये रेकारो या नावाने केवळ आसने बनवायला घेतली, आणि १९६५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपले स्पोर्ट सीट मांडले. सुरुवातीला हेतू वळणावर चालकाला धरून ठेवण्याचा होता. धडकेत आसन स्वतः तुटू नये, हा विचार नंतर रुजला, आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे फियाने, १९९९ च्या मानकात आसनांची ताकद तपासण्याची पद्धत घालून दिली.

आसनाहून महत्त्वाचे आहे ते त्याचे बसवणे, आणि येथे आपल्या फिटर मंडळींनी नियमांचे आकडे समोर ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फियाच्या नियमांनुसार आसन किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टने बसले पाहिजे. आधाराचे ब्रॅकेट आणि पत्र्यामागची प्लेट पोलादी असेल तर किमान ३ मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूची असेल तर ५ मिलिमीटर जाड हवी. आणि प्रत्येक बिंदूवर पत्र्याशी किमान ४० चौरस सेंटिमीटर स्पर्श हवा. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. त्यात साधा वॉशर लावून आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, पण धडकेत तो पत्र्यातून उपटून निघतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक जुनी जिप्सी मी पाहिली होती. कोठेही न धडकता, केवळ खडबडीत रस्त्यांमुळे तिच्या तळातील भोके लांबट झाली होती. नव्या आसनाच्या त्या तरुण मालकाचा आनंद पाहून मला तेव्हा बोलवेना, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

एवढे सारे साधल्यावर एक नवीच अडचण पुढे आली. धड जितके घट्ट बांधले गेले, तितके डोके एकटे पडले. डोके आणि शिरस्त्राण मिळून सहा-साडेसहा किलो वजन धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट धक्क्यात मानेवर तीनशे किलोहून अधिक ओढ येते, आणि कवटी जेथे मणक्यावर टेकते तेथे तळाचे हाड मोडते. १९८१ मध्ये पॅट्रिक जाकमार हे चालक अमेरिकेत मिड-ओहायो येथे चाचणीच्या वेळी अशाच दुखापतीने गेले. त्यांचे मित्र, चालक जिम डाउनिंग, यांनी मेहुणे रॉबर्ट हबर्ड यांच्याकडे हा प्रश्न नेला. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरयांत्रिकीचे प्राध्यापक होते. खांद्यांवर बसणारी, हार्नेसच्या पट्ट्यांखाली दाबली जाणारी एक कडक चौकट आणि तिला शिरस्त्राणाशी जोडणाऱ्या दोन दोऱ्या, एवढीच त्यांची कल्पना होती. धक्क्यात डोक्याची ओढ मानेऐवजी त्या चौकटीकडे आणि तिच्यातून पट्ट्यांकडे जाते. हेच हान्स, म्हणजे ‘हेड अँड नेक सपोर्ट’.

कल्पना बरोबर होती, घेणारे मात्र नव्हते. प्रस्थापित कंपन्या पुढे आल्या नाहीत म्हणून या दोघांनी स्वतःच ते बनवायला घेतले. १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रॅट्झेनबर्गर कवटीच्या तळाच्या अशाच दुखापतीने गेले, दुसऱ्याच दिवशी आयर्टन सेना गेले, आणि १९९५ मध्ये ॲडलेड येथे मिका हाकिनेन यांची कवटी मोडूनही ते थोडक्यात वाचले. त्यानंतर फिया आणि मर्सिडीज यांनी एअरबॅग आणि हान्स यांची तुलना केली, आणि हान्स सरस ठरले. अमेरिकेत नॅसकार शर्यतींत २००० साली ॲडम पेटी आणि केनी अर्विन हे न्यू हॅम्पशायरच्या एकाच वळणावर दोन महिन्यांच्या अंतराने गेले, तरी सक्ती झाली नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेले आणि मग मात्र सारे हलले. त्यांचा कमरेचा पट्टा लांबी जुळवण्याच्या कडीत एका बाजूला गोळा होऊन तुटल्याचे चौकशीत आढळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनने मानेचा आधार सक्तीचा केला.

हान्स पट्ट्यांवर अवलंबून असल्यामुळे पट्टे चुकले की तेही निकामी होते. गाडीतील मूळच्या तीन बिंदूंच्या पट्ट्याबरोबर ते चालत नाही. खांद्याचे पट्टे आसनामागे जवळपास आडवे गेले पाहिजेत. नियम आडव्या रेषेखाली ४५ अंशांहून अधिक उतार कदापि मानत नाही. मागच्या सीटच्या जागी तळाच्या पत्र्यालाच पट्टे आवळण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच सर्वांत वाईट, कारण धडकेत असे पट्टे खांदे खाली दाबतात आणि तो सारा भार पाठीच्या कण्यावर येतो. त्यांना बांधण्याची योग्य जागा म्हणजे रोल केजची, अर्थात छत दबू नये म्हणून गाडीत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याची, आडवी नळी. केजशिवाय सहा बिंदूंचा हार्नेस लावणे हेही धोक्याचेच आहे: गाडी उलटून छत खाली आले तर ताठ बांधलेल्या माणसाला बाजूला झुकताही येत नाही.

बेळगावहून सुमारे ११० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, शिकून आलेली मुले विचारतात की कार्टमध्ये पट्टाच नव्हता, मग गाडीत एवढे कशाला? कार्टला छत नाही, केज नाही, म्हणून ती उलटताना चालक तिच्यापासून सुटणेच बरे. बंद गाडीचे गणित याच्या उलट आहे. कार्टमध्ये गळ्याभोवती घालतात ती फोमची कॉलर हान्सची जागा घेऊ शकत नाही, कारण तिला डोके मागे ओढून धरणारी दोरी नसते.

जुने पट्टे विकत घेताना लेबलवरचे वर्ष पाहावे. फियाच्या मानकातील हार्नेस पाच वर्षांनी बाद होतो, कारण उन्हाने आणि दमटपणाने धागा कमजोर होतो, आणि एकदा धडकेत ताणला गेलेला पट्टा त्याच दिवशी बदलावा लागतो. आपल्याकडे चार महिने पावसाचे आणि बाकीचे उन्हाचे. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा अंगणात उभी असते. पट्टे तेवढे काढून घरात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावेत.