आधी कीर्द, मग खातेवही

जुन्या पेढीवरचे दिवाणजी व्यवहार झाल्याबरोबर तो रोजकीर्दीत टिपून ठेवत आणि सवडीने त्याची खतावणी करत. खातेवही भिजली किंवा वाळवीने खाल्ली, तरी मागच्या दिवाळीची शिल्लक आणि तेव्हापासूनची कीर्द हाताशी असली की ती पुन्हा लिहून काढता येई. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच शिस्तीने चालतात. एका खात्यातले ५०० रुपये दुसऱ्या खात्यात वळते करण्याचा व्यवहार पक्का होतो, तेव्हा त्या दोन खात्यांची पाने डिस्कवर पोहोचलेली असतातच असे नाही. पोहोचलेली असते ती लॉगमधली, म्हणजे डेटाबेसच्या रोजकीर्दीतली, छोटीशी नोंद. बदललेली पाने तोवर मेमरीत राहतात आणि उशिरात उशिरा पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे साचलेली पाने डिस्कवर उतरवण्याच्या ठरलेल्या टप्प्याला, डिस्कवर उतरतात. मधेच वीज गेली, तर सुरू होताना सर्व्हर लॉग वाचून पक्के व्यवहार पानांवर चढवतो आणि अर्धवट राहिलेले बाद ठरवतो. या पद्धतीची ‘एरीज’ नावाची सविस्तर मांडणी आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली.

प्रश्न केवळ वीज जाण्याचा असेल, तर चेकपॉइंटनंतर जुन्या लॉगचे काम संपते. डिस्कच निकामी झाली तर काय, असे विचारले की मात्र तोच लॉग जपून ठेवावा लागतो, आणि तो किती जपायचा याचा निर्णय मालकाला घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये या निर्णयाला ‘रिकव्हरी मॉडेल’ म्हणतात. ‘सिंपल’ निवडले, तर लॉगची जागा आपोआप पुन्हा वापरली जाते, पण रात्री दोनचा बॅकअप असेल आणि डिस्क संध्याकाळी पाचला गेली, तर मधले पंधरा तास गेलेच म्हणून समजावे. ‘फुल’ निवडले, तर लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेईपर्यंत त्यातले काहीही पुसले जात नाही आणि हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाता येते. ‘बल्क-लॉग्ड’ हा घाऊक भरणीपुरता वापरायचा मधला मार्ग आहे. घाऊक काम ज्या लॉग बॅकअपमध्ये येते, त्याच्या अधल्यामधल्या क्षणावर थांबता येत नाही.

‘फुल’ निवडून निर्धास्त झालेले लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. रोज संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेतला की लॉगही मोकळा होत असेल, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो होत नाही, त्यासाठी लॉगचाच बॅकअप घ्यावा लागतो. तो न घेतल्यास फाइल फुगत जाते आणि एके दिवशी ९००२ क्रमांकाची चूक दाखवून सर्व्हर नवी नोंद घ्यायलाच नकार देतो.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये लॉग एरवी १६ एमबीच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि तुकडा भरला की तो दुसऱ्या यंत्रावर पाठवून साठवता येतो. मात्र वर्दळ कमी असेल, तर एक तुकडा भरायला तासन् तास लागतात, आणि तेवढ्या वेळाच्या नोंदी मूळ डिस्कवरच अडकून राहतात. म्हणून ठरावीक वेळेनंतर, भरला नसला तरी तुकडा बदलण्याची सोय आहे. ती एक मिनिटावर ठेवली आणि दर मिनिटाला थोडेफार काही लिहिले जात असले, तर दिवसाचे १,४४० तुकडे, म्हणजे सुमारे २३ जीबी साठतात. किती मिनिटांची नोंद गमावणे परवडेल, हे आधी ठरवावे आणि मगच हा आकडा भरावा.

लॉगचे तुकडे भरण्याची वाट न पाहता नोंदी सतत राखीव सर्व्हरकडे वाहत ठेवण्याचीही पद्धत आहे, पण तिला बॅकअप समजणे धोक्याचे आहे. मूळ सर्व्हरवर चुकून पुसलेला तक्ता राखीव सर्व्हरवरही क्षणार्धात पुसला जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावर जे घडले, त्याचा तपशील कंपनीने स्वतःच जाहीर केला आहे. कामाच्या ताणामुळे राखीव सर्व्हर मागे पडला, त्याला हवे असलेले लॉगचे तुकडे मूळ सर्व्हरने तोवर काढून टाकले होते, आणि ते दुसरीकडे साठवण्याची व्यवस्थाच केलेली नव्हती. राखीव प्रत नव्याने उभारण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली. दोनएक सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी पुसले गेले होते. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळल्यामुळे नेहमीचे बॅकअप होतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून नुकसान साधारण तेवढ्या वेळापुरते राहिले.

तुकडे काढून टाकू नयेत, अशी तजवीज पोस्टग्रेसमध्ये ‘रेप्लिकेशन स्लॉट’ने करता येते, पण तिची उलटी बाजूही आहे. राखीव सर्व्हर बंद पडून कोणाच्या लक्षात आले नाही, तर मूळ सर्व्हर त्याच्यासाठी तुकडे राखत बसतो आणि स्वतःची डिस्क भरून कोलमडतो. यावर मर्यादा घालण्याची सोय २०२० साली, तेराव्या आवृत्तीत आली. माझ्या मते स्लॉट वापरणाऱ्याने ती मर्यादा घालावीच आणि लॉगचे तुकडे तिसऱ्या यंत्रावरही साठवावेत, म्हणजे मागे पडलेल्या राखीव सर्व्हरला तिथून ते उचलता येतील.

शेवटी मुद्दा उरतो वेळेचा. पोस्टग्रेस साठवलेला लॉग पुन्हा चढवताना ते काम एकाच प्रक्रियेकडे असते. मूळ सर्व्हरवर शंभर जणांनी एकाच वेळी केलेले बदल इथे एकामागून एक चढतात. त्यामुळे रविवारची प्रत आणि सहा दिवसांचा लॉग शनिवारी दुपारी चढवायला घेतला, तर काम संध्याकाळपर्यंत चालेल की दुसऱ्या दिवसापर्यंत, हे एखाद्या रिकाम्या यंत्रावर घड्याळ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि संपूर्ण बॅकअप आठवड्याने घ्यावा की रोज, याचे उत्तर त्या घड्याळावरच मिळते.