हत्यार ‘सेफ’ आणि हत्यार ‘खाली’

बंदोबस्ताची गाडी ठाण्यात परत येते. ठाणे अंमलदार विचारतो, “खाली का रे?” उत्तर येतं, “हो, सेफ आहे.” दोघांचंही समाधान होतं आणि रायफल शस्त्रागाराकडे जाते. खरं तर विचारलं एक आणि सांगितलं भलतंच.

‘सेफ’ म्हणजे सेफ्टीचा खटका कुठे आहे, एवढंच. तो खटका चाप अडवतो. चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातला, राउंड (काडतूस) जिथे होता तिथेच बसून राहतो. गडचिरोलीतल्या भामरागडच्या रस्त्यावर गाडी आदळत असताना सीटला घासून किंवा पट्ट्यात अडकून खटका सरकला, तर ‘सेफ’ संपलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. ‘खाली’ म्हणजे रिकामं: मॅगझिन (राउंडची पेटी) बाहेर, चेंबर रिकामं, आणि ते रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहून, बोट घालून तपासलेलं. बोटाने तपासणं राहिलं असेल तर ते हत्यार भरलेलंच धरायचं. यात आमच्या मते सवलत नाही, कारण गावातल्या ठाण्यात ऐन हत्यार जमा करायच्या वेळेलाच लाइट जाते.

एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफलवर, क्रम असा. रायफलचं तोंड वाळूच्या तिरप्या ड्रमात, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, सेफ्टी लावलेली. आधी मॅगझिन काढायचं. मग कॉकिंग हँडल दोन-तीनदा पूर्ण मागे ओढायचं, म्हणजे चेंबरमध्ये राउंड असेल तर तो बाहेर पडतो. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे अडकवून चेंबरमध्ये बघायचं, करंगळी घालायची, मॅगझिनच्या जागेतूनही नजर फिरवायची. त्यानंतर बोल्ट पुढे सोडायचा, सेफ्टी काढून ड्रमातच एकदा चाप दाबायचा आणि पुन्हा सेफ्टी लावायची. (ड्रम वाळूसाठी आहे, खर्रा थुंकायला नाही. पावसाळ्यात वाळू घट्ट बसते, ती अधूनमधून उकरून मोकळी करावी लागते.)

यात घात होतो तो पहिल्या दोन कामांची अदलाबदल झाल्यावर. मॅगझिन लावलेलं असतानाच हँडल ओढलं की चेंबरमधला राउंड टणकन बाहेर पडतो. तो जमिनीवर दिसतो, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधला वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये बसवतो. आता मॅगझिन काढलं काय आणि ठेवलं काय, रायफल भरलेली आहे. ‘खात्री’ म्हणून दाबलेल्या चापेवर गोळी सुटते ती इथेच. हे ड्रमाच्या तोंडाशी झालं तर वाळू उडेल आणि खुलासा लिहावा लागेल. बराकीत झालं तर समोर कोण बसलंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

राउंड आत राहून जाण्याचं दुसरं कारण एक्स्ट्रॅक्टर. राउंडच्या कडेला पकडून त्याला मागे खेचणारी ही छोटी नखी झिजली असेल किंवा चेंबर धुळीने चिकट झालं असेल, तर हँडल तीनदा ओढूनही राउंड आतच राहतो. काही पडलं नाही म्हणजे काही नव्हतं, असा अर्थ लावायचा नाही. मोजणी हा त्यावरचा सोपा पडताळा आहे: 20 राउंड दिले होते आणि एकही फायर झाला नाही, तर मॅगझिनमधले आणि बाहेर पडलेले मिळून 20 भरलेच पाहिजेत. 19 भरले, तर विसावा शोधायची पहिली जागा चेंबर. इन्सास रायफलचं मॅगझिन पारदर्शक असतं. त्याचा फायदा आहेच, पण त्यातून मॅगझिन दिसतं, चेंबर नाही.

एसएलआरवर हात बसलेल्याची एके-47 वर गडबड होते. तिचा उजव्या बाजूचा खटका वर, म्हणजे सेफवर, असताना हँडल पूर्ण मागे येतच नाही. म्हणजे खाली करायचं तर सेफ्टी काढावीच लागते. खटका खाली दाबला की पहिली जागा ऑटोची, सिंगल अगदी तळाशी. त्या क्षणी बोट चापेवर गेलं तर एक नाही, अनेक गोळ्या सुटतात. म्हणून इथे खटक्याला हात लावण्याआधीच मॅगझिन बाहेर हवं.

9 मिमी कार्बाइनमध्ये तर चेंबर रिकामं दिसण्यालाच अर्थ नाही. ती कॉक केली की बोल्ट मागे थांबतो आणि चेंबर उघडं, स्वच्छ दिसतं. चाप दाबल्यावर बोल्ट पुढे येतो, वाटेत मॅगझिनमधला राउंड उचलतो, चेंबरमध्ये ढकलतो आणि त्याच झटक्यात फोडतो. बोल्ट पुढे असताना मॅगझिन लावलेली कार्बाइन दस्त्यावर जोरात आपटली, तरी बोल्ट मागे उसळून परत येताना हाच प्रकार होऊ शकतो. म्हणून मॅगझिन काढल्याशिवाय कार्बाइनबद्दल ‘खाली’ हा शब्दच उच्चारू नये. मॅगझिन काढून, बोल्ट मागे घेऊन आत बघायचं, मग हँडल हाताने धरून चाप दाबायचा आणि बोल्ट सावकाश पुढे न्यायचा.

पिस्तुलात फसवते ती सवय. जुन्या 9 मिमी ऑटो 1ए पिस्तुलात मॅगझिन काढलं की चाप काम करत नाही. वर्षानुवर्षं तेच हाताळलेला माणूस ग्लॉक घेतो, मॅगझिन काढतो आणि निर्धास्त होतो. ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नाही, आणि मॅगझिन नसतानाही चेंबरमधला राउंड सुटतो. त्यात साफसफाईसाठी ती खोलताना चाप दाबावाच लागतो. स्लाइड मागे ओढून चेंबर न बघता ती खोलायला घेणं म्हणजे टेबलावर गोळी झाडणं.

आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होऊ लागतात. रोही-डुकरांपासून पीक राखायला घेतलेली बारा बोअर टेबलावर येते आणि मालक म्हणतो, “खालीच हाये, साहेब.” त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नसतो, बंदूक मात्र उघडायची. बाहेरून घोडे न दिसणाऱ्या, ‘बिनघोड्याच्या’ दुनळीत वरची सेफ्टी फक्त चाप धरते. आतले घोडे ताणलेलेच असतात, त्यामुळे जोराचा हादरा बसला तर सेफ्टी असूनही बार उडू शकतो. नळ्या मोडून दोन्ही चेंबर बघा, मग मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार बघा. गोठ्यात टांगून ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडतं. अशी नळी पुढे कुणी तशीच चालवली तर फुटू शकते.

जंगलपट्टीत सापडणाऱ्या भरमारीला, म्हणजे तोंडाकडून भरायच्या बंदुकीला, तर मागून उघडायला जागाच नाही. दारू आणि छर्रे तोंडाकडून ठासलेले असतात, सेफ्टी नसते, बघायला चेंबरही नसतं. नळीसमोर न येता आधी निपलवर (नळीच्या मागच्या टोकाच्या बोंडावर) टोपी, म्हणजे बार पेटवणारी छोटी कॅप, आहे का बघा, आणि असली तर ती काढा. मग बाजूला उभं राहून गज अलगद नळीत सोडा, ठोकू नका. तोंडाशी येईल तिथे गजावर खूण करा, गज बाहेर काढून तोच नळीच्या बाहेरून लावा. गजाचं टोक निपलपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. तो उकरायचा नाही आणि उडवून बघायचा तर नाहीच. टोपी वेगळी, बंदूक वेगळी ठेवायची, तोंड मातीच्या भिंतीकडे करायचं, आर्मररला (हत्यारांच्या कारागिराला) बोलवायचं. तोवर स्टेशन डायरीत ‘सेफ’ नाही, ‘भरलेली’ असंच लिहायचं.