मेलबर्नचं पहिलं खरेदीखत आणि ते रद्द का झालं

मेलबर्नला आज कितीतरी मराठी कुटुंबं घर घेऊन राहतात, पण त्या शहराखालच्या जमिनीचं पहिलं खरेदीखत सरकारनेच रद्द केलं होतं हे फार कमी जणांना माहीत असतं.

झालं असं की ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर मेंढ्यांसाठी चांगली कुरणं उरली नव्हती, म्हणून लॉन्सेस्टनच्या काही पैसेवाल्यांनी पोर्ट फिलिप असोसिएशन काढली आणि जॉन बॅटमनला समुद्रापलीकडे, आज मेलबर्न आहे त्या भागात पाठवलं. 6 जून 1835 ला त्याने एका ओढ्याकाठी वुरुंजेरी या तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या आठ वडीलधाऱ्यांच्या खुणा कागदावर घेतल्या, जमीन जवळजवळ 6 लाख एकर आणि मोबदला म्हणजे ब्लँकेटं, कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, पीठ, शिवाय असाच माल दरवर्षी खंड म्हणून. त्या कागदात तिघा भावांचं नाव जागाजागा असं लिहिलंय, मराठी माणूस ते वाचताना थबकतोच.

मसुदा गेलिब्रँड नावाच्या वकिलाचा, पक्का इंग्रजी कायद्याच्या भाषेतला, आणि बॅटमनसोबत जी आदिवासी माणसं होती ती सिडनीकडची, त्यांना इथली भाषा येत नव्हती. मग समोरच्यांना काय कळलं असणार? जमीन विकायची ही कल्पनाच त्यांच्यात नव्हती. पाहुण्याला आपल्या मुलखात राहायची, पाणी प्यायची परवानगी द्यायचा त्यांचा एक विधी होता, तंडेरम, तोच त्यांनी केला असावा असं काही अभ्यासक म्हणतात आणि मलाही तेच पटतं.

आता सरकार. सिडनीचे गव्हर्नर बर्क यांनी 26 ऑगस्ट 1835 ला जाहीरनामा काढला की हा करार बाद, आणि परवानगीशिवाय तिथे राहणारा प्रत्येकजण अतिक्रमण करणारा. हे आदिवासींची फसवणूक झाली म्हणून केलं असं वाटेल, पण तसं नाही. ही जमीन राजाचीच असं त्यांचं म्हणणं होतं. आदिवासी जमीन विकू शकतात हे एकदा मान्य केलं की ते मालक होते हेही मान्य करावं लागतं, आणि मग 1788 मधे इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात वस्ती केली तेव्हापासून सरकारने वाटलेल्या, विकलेल्या सगळ्या जमिनींवरच प्रश्न आला असता.

तरी मेंढ्या आणि माणसं येतच राहिली. 1836 मधे सरकारने हा भाग वस्तीला खुला केला, 1837 मधे मेलबर्नच्या प्लॉटचा पहिला लिलाव झाला, आणि असोसिएशनला जमीन खरेदीत 7,000 पौंडांची सूट मिळाली. वुरुंजेरींना काहीच नाही! जमीन त्यांची आणि भांडण दुसऱ्याच दोघांचं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

बॅटमन 1839 मधे वारला. त्या करारावेळी आपण लहान मुलगा होतो आणि तिथे हजर होतो असं वुरुंजेरींचे नेते विल्यम बराक पुढे सांगायचे. 1863 मधे त्यांच्या लोकांना कोरंडर्क इथे 2,300 एकर राखीव मिळाले, आणि तेही काढून घ्यायची वेळ आली तेव्हा हेच बराक अर्ज घेऊन मेलबर्नपर्यंत चालत गेले.