राण्यांच्या बंडातले पिस्तूल? आधी ठसा पाहा

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे जुन्या घराच्या पेटाऱ्यात गंजके लष्करी पिस्तूल निघाले की सोबत कहाणीही निघते: हे राण्यांच्या बंडातले! बंड १८९५ चे. मोझांबिकला जायला नकार देऊन पोर्तुगीज सैन्यातले मराठा शिपाई उठले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. पण तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे असायचे बेल्जियमचे 'आबादी' नावाचे रिव्हॉल्व्हर, फिरत्या चक्रात गोळ्या भरायचे. मुठीत मॅगझिन सरकवायचे, सडपातळ नळीचे जर्मन लुगर पिस्तूल निघाले असेल तर राण्यांना त्यातून वगळावे लागते. पोर्तुगीज सैन्याने ते १९०९ मध्ये स्वीकारले.

लुगरचा जन्मदाखला त्याच्या पाठीवरच असतो. चेंबरवर, म्हणजे गोळी बसते त्या भागावर, मुकुट आणि त्याखाली 'एम' व '२' दिसले, तर ते दुसऱ्या मानुएल राजाच्या अमदानीतले. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनमध्ये राजा कार्लुश आणि युवराज मारले गेले, म्हणून हा धाकटा मुलगा गादीवर आला. ५ ऑक्टोबर १९१० ला गादीच उरली नाही. नौदलाच्या लुगरवर हे सत्तांतर उघड दिसते. आधी नांगरासोबत मुकुट, मग मुकुटाच्या जागी 'आर. पी.', म्हणजे पोर्तुगीज प्रजासत्ताक. गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले ते याच प्रजासत्ताकात, त्यामुळे ही दोन अक्षरे आपल्याला काही परकी नव्हेत.

पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा पोर्तुगालने अमेरिकी सॅव्हेज पिस्तुले घेतली. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहून पुन्हा जर्मनीकडूनच लुगर आणली. सैन्यातले हे १९४३ चे लुगर ९ मिलिमीटरचे, १९०९ चे ७.६५ मिलिमीटरचे, वरवर पाहता भाऊ-भाऊच. 'मुक्तीच्या वेळी पाखल्यांनी (म्हणजे पोर्तुगीजांनी) टाकून दिलेले' ही दुसरी लाडकी कहाणी १९४३ च्या लुगरला तरी बसू शकते. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

ठसा उजळावा म्हणून पॉलिश पेपर मारायचा मोह होतो. तो टाळावा, अक्षरे कायमची जातात. त्याहून आधी शस्त्र कायदा आहे, १९५९ चा: आजोबांचे म्हणून पिस्तुलाला परवान्यातून सूट मिळत नाही. आणि ते नेमके कोणाच्या कमरेला होते, हे ठसा सांगत नाही. त्यासाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात बसून हस्तलिखित पोर्तुगीज लावणारा माणूस शोधावा लागतो.