टर्बोचार्जर जोडणी (मूळ पेट्रोल इंजिनाला)

कारखान्यातून टर्बोविना आलेल्या पेट्रोल इंजिनाला नंतर टर्बोचार्जर बसवून त्याची ताकद वाढवण्याची पद्धत. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर टर्बाइन फिरते, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो आणि जास्त हवेत जास्त इंधन जाळता येते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. टर्बो बसवणे त्या मानाने सोपे आहे. तो बसवल्यावर इंजिन पूर्वीसारखेच भरवशाचे राहावे, यासाठी लागणारे काम बरेच मोठे आणि बहुतांशी न दिसणारे असते.

इंजिनाचा पहिला शत्रू म्हणजे नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्वाला पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण उष्णतेने व दाबाने एकदम भडकते. पिस्टनच्या दोन रिंगांमधली पातळ कड त्याने तुटते, हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक व सिलिंडर हेड यांमधले सील) फुटते, आणि पूर्ण लोडवर हे घडायला काही क्षण पुरतात. ओल्ड्समोबीलने १९६२ मध्ये आणलेल्या जेटफायर या मोटारीत १०.२५:१ इतक्या चढ्या कॉम्प्रेशनच्या (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्या प्रमाणाच्या) व्ही-८ इंजिनावर टर्बो होता. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणापेक्षा जास्तीचा दिलेला दाब, आपोआप रोखला जाई, पण मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीला पिकअप नाही अशी तक्रार करत. पुढे कंपनीने अनेक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. मालकाच्या आठवणीवर अवलंबून असलेली सुरक्षा टिकत नाही, हे या गाडीने दाखवले.

हवा दाबली की तापते, हे गणित इथे निर्णायक ठरते. बाहेर २५ अंश सेल्सिअस असताना अर्धा बार बूस्ट दिला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे ७७ अंशांवर जाते. दाब दीडपट झाला तरी घनता जेमतेम १.२८ पट होते. तीच हवा इंटरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमधून) ४० अंशांपर्यंत उतरवली तर घनता १.४३ पट मिळते आणि नॉकिंगचा धोकाही कमी होतो. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी इंटरकूलरवर खर्च करणे शहाणपणाचे.

या कामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण माझ्दा एमएक्स-५ ही १९८९ ची छोटी स्पोर्ट्‌स कार. तिच्या १.६ लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.४:१. याच घराण्यातले टर्बो इंजिन माझ्दाने आधी ३२३ या मोटारीत वापरले होते, पण तिथे कॉम्प्रेशन आठच्या खाली ठेवले होते. एमएक्स-५ चे पिस्टन न बदलता टर्बो बसवणारे म्हणूनच ०.४ ते ०.५ बारच्या आसपास थांबतात. तेवढ्यावर गाडीचा स्वभाव पुरता पालटतो. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला नवे पिस्टन, नवे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे), नवा क्लच असा खर्च मागे लागतो.

हवेबरोबर इंधनही मोजून वाढावे लागते. टर्बोविना पूर्ण लोडवर हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १२.५ ते १३ चालते; बूस्टखाली ते ११.५ ते १२ ठेवतात, कारण जास्तीचे पेट्रोल ज्वलनाचे तापमान उतरवते. इंधन फवारणारे मूळ इंजेक्टर बहुधा अपुरे पडतात. ते सतत उघडे राहू लागले की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन जळतो. ठिणगीही थोडी उशिरा द्यावी लागते. हे सगळे प्रोग्राम करता येणाऱ्या ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने करावे; इंधनाचा दाब वाढवून मूळ ईसीयूला फसवण्याची जुनी युक्ती कमी बूस्टला चालते, तिच्यावर फार विसंबू नये. हवा-पेट्रोलचे प्रमाण नेमके दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवल्याशिवाय ट्यूनिंगला हात घालू नये.

बूस्ट वाढवला की कनेक्टिंग रॉड ओढले जाऊन तुटतात, हा गैरसमज पक्का रुजला आहे. रॉडला ओढणारा ताण मुख्यतः आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाप्रमाणे वाढतो, बूस्टने नव्हे. बूस्टमुळे वाढते ती दाबणारी शक्ती. त्यामुळे छोटा टर्बो लावून अडीच-तीन हजार आरपीएमलाच भरमसाठ टॉर्क (फिरवणारा जोर) काढला तर रॉड वाकतात. कमी आरपीएमला बूस्ट आवरून पुढे तो हळूहळू चढू दिला तर तेच रॉड वर्षानुवर्षे टिकतात.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोंमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल आत दाबाने येते, पण बाहेर मात्र केवळ उताराने पडते. परतीची नळी जाड, सलग उताराची आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. नळीला मध्येच खोलगट वळण असले तर ऑइल साचते, सीलमधून झिरपते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि दोष नव्या टर्बोला दिला जातो. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) व्हेंटिलेशनला एकदिशा व्हॉल्व्ह नसला तर बूस्ट तिथे शिरून ऑइल सीलवर दाब आणतो. ऑइल लवकर बदलावे आणि जोरात चालवल्यावर इंजिन थोडे आयडलवर ठेवून बंद करावे.

मुळात झिजलेल्या इंजिनावर हे काम करूच नये. आधी सर्व सिलिंडर किती दाब धरतात याची कॉम्प्रेशन टेस्ट घ्यावी, रेडिएटर व पाण्याच्या होजपाइप तपासाव्यात, मग सुटे भाग मागवावेत.

भारतात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली. टाटा मोटर्सने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्‌जसह २०१८ मध्ये टियागो या छोट्या मोटारीची टियागो जेटीपी ही जोरकस आवृत्ती काढली, तेव्हा टियागोच्या साध्या इंजिनावर टर्बो चढवला नाही. नेक्सॉन या आपल्याच दुसऱ्या मोटारीसाठी मुळातच टर्बोसह घडवलेले १.२ लिटरचे इंजिन बसवले.